जर्मनीची आठवड्याची सहल: ऐकीव माहिती आणि वस्तुस्थिती

भाईंदरच्या गोडदेवहून युरोपला जाणं आता नवलाईचं राहिलेलं नाही. कुणाचा मुलगा श्टुटगार्टला नोकरीला असतो, कुणी निवृत्तीच्या पैशातून जोडीने निघतं, तर कुणी नवघर-खारीच्या चार कुटुंबांची मोट बांधून टूर ठरवतं. जर्मनी त्यात बहुतेक वेळा असतेच, आणि तिच्या वाट्याला येतो तो एखादाच आठवडा. या आठवड्याबद्दल नाक्यावर, लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत जी माहिती फिरते ती बरीचशी अर्धवट असते. अशी सहल पैसे कमी पडल्याने क्वचितच फसते. ऐकीव गोष्टींवर बेत आखला की मात्र ती नक्की फसते.

"सात दिवसांत सात शहरं आरामात होतात"

होत नाहीत. जायचा आणि यायचा दिवस प्रवासातच जातो. उरतात पाच. बर्लिन ते म्युनिक रस्त्याने जवळपास ६०० किलोमीटर आहे. यावर उत्तर मिळतं, "ऑटोबानला वेगमर्यादाच नाही, बस सुसाट जाईल." ऑटोबानच्या मोठ्या भागावर मोटारींना कायमची मर्यादा नाही हे खरं. तिथेही ताशी १३० किलोमीटर हा सल्ल्याचा वेग आहे आणि बऱ्याच टप्प्यांवर कमी वेगाच्या पाट्या असतात. पण टूरच्या बसला ही मोकळीक मुळीच नाही, तिला ताशी १०० च्या वर जाता येत नाही. शिवाय युरोपीय नियमानुसार चालकाला साडेचार तासांच्या ड्रायव्हिंगनंतर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, दिवसाला साधारण ९ तासांपेक्षा जास्त बस चालवता येत नाही, आणि याची नोंद बसमधल्या यंत्रात होते. टूर मॅनेजर "चला, चला" करतो तेव्हा बहुधा चालकाचे तास संपत आलेले असतात. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. चूक शहरांच्या लांबलचक यादीत असते.

माझं स्पष्ट मत आहे की आठवड्यात तीनच मुक्काम करावेत: ऱ्हाइनकाठी कोलोन किंवा फ्रँकफर्ट, दक्षिणेला म्युनिक, पूर्वेला बर्लिन. फ्रँकफर्ट ते कोलोन जलद रेल्वेमार्ग २००२ मध्ये सुरू झाला. त्यावर गाडी ताशी ३०० किलोमीटरपर्यंत जाते आणि तासाभरात पोचवते. बर्लिन-म्युनिक अंतर सर्वांत जलद गाडी डिसेंबर २०१७ पासून चार तासांच्या आत कापते. मुंबईहून फ्रँकफर्ट आणि म्युनिक या दोन्ही ठिकाणी थेट विमानं आहेत, त्यामुळे एकीकडून शिरून दुसरीकडून बाहेर पडता येतं.

"जर्मन गाड्या सेकंदाला सेकंद वेळेवर"

हा समज सगळ्यात पक्का आणि सगळ्यात महाग पडणारा आहे. जर्मन रेल्वे कंपनी डॉइच बानच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये फक्त ६२.५ टक्के वेळेवर होत्या. सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर झालेली गाडीही कंपनी वेळेवरच धरते, तरी हा आकडा. जुने रूळ, त्यांच्यावर क्षमतेपलीकडची वाहतूक आणि वर्षानुवर्षं लांबलेली दुरुस्ती ही त्याची कारणं आहेत. म्हणून दोन गाड्यांमध्ये सात मिनिटांचं अंतर ठेवून बेत आखू नका. परतीच्या विमानाच्या शहरात आदल्या रात्रीच पोचा.

उशिराबद्दलचे प्रवाशांचे हक्क मात्र चांगले आहेत, आणि आपल्याकडच्या प्रवाशांना ते सहसा ठाऊक नसतात. मुक्कामी तासभर उशीर झाला तर तिकिटाच्या २५ टक्के आणि दोन तास झाला तर ५० टक्के रक्कम मागता येते. स्वस्तातलं तिकीट एका ठरावीक गाडीपुरतंच असतं. पण २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं. तिकीट म्हणजे जागा नव्हे, हेही लक्षात ठेवा. जागेचं आरक्षण वेगळे पैसे देऊन करावं लागतं.

"एक पास काढला की सगळी जर्मनी" हा याच्याच जोडीचा समज. तो पास म्हणजे डॉइचलांड-टिकेट, मे २०२३ मध्ये ४९ यूरोला सुरू झालेलं आणि जानेवारी २०२६ पासून ६३ यूरोला मिळणारं. ते शहरातल्या बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्यांवर चालतं. जलद आयसीई गाड्यांवर चालत नाही. शिवाय ते दरमहा आपोआप नूतनीकरण होणारं सदस्यत्व आहे. त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात.

शहरांतल्या मेट्रो स्थानकांवर सहसा फाटकं नसतात. भाईंदर स्टेशनात शिरावं तसं थेट फलाटावर जाता येतं, आणि तपासनीस तसाच अचानक डब्यात येतो. विनातिकीट सापडल्यास ६० यूरो दंड. अनेक शहरांत कागदी तिकिटावर यंत्रात शिक्का मारावा लागतो. तो नसेल तर खिशातलं तिकीटही बिनकामाचं.

"मुलगा तिकडे आहे, व्हिसा मिळणारच"

मुलाचं पत्र म्हणजे व्हिसा नाही. खर्चाची हमी तो घेणार असेल तर त्याने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून रीतसर हमीपत्र करून घ्यावं लागतं. ते असलं तरी तुम्ही परत येणार हे नोकरी, पेन्शन, घर, कुटुंब अशा पुराव्यांतून दिसायला हवं. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात उसनी मोठी रक्कम भरल्याने अर्ज बळकट होतो असं काही एजंट सांगतात. नियमित उत्पन्न दाखवणारं साधं खातं त्याहून बरं. अचानक आलेला पैसा संशयच वाढवतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. मे महिन्याच्या सुट्टीसाठी एप्रिलमध्ये धावपळ करणं म्हणजे सहल पणाला लावणं. ११ जून २०२४ पासून मोठ्यांसाठी शुल्क ९० यूरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५ यूरो, त्याहून लहान मुलांना शुल्क नाही. किमान ३०,००० यूरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. चार देशांची टूर असेल तर ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा. 'कुठला व्हिसा सोपा' हे पाहून देश निवडता येत नाही.

नकार आला तर पूर्वी जर्मन दूतावासाकडेच फेरविचाराची विनंती करता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नवा अर्ज किंवा थेट न्यायालय. त्यामुळे पहिलाच अर्ज नीट भरा.

"डब्यात तूप-पेढे चालतील, सुके बोंबील मात्र अडवतील"

नेमकं उलट आहे! युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा, पनीर, श्रीखंड सगळं बाद. मासळीला मात्र वेगळा नियम आहे. साफ केलेली, सुकवलेली किंवा शिजवलेली मासळी स्वतःच्या खाण्यासाठी २० किलोपर्यंत चालते. उत्तनच्या वाळवणीतले स्वच्छ केलेले बोंबील कायद्याने नेता येतात. फक्त बांधणी हवाबंद करा, विमानात शेजारी माणसं असतात.

ताज्या फळांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन या पाचांना सवलत आहे, आंब्याला नाही. लेकासाठी हापूसची पेटी नेणाऱ्या आईवडिलांनी हे आधीच जाणून घ्यावं. फळमाशीमुळे युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंबा पूर्ण बंद केला होता आणि तो जानेवारी २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. तेव्हापासून आंब्याकडे तिथे बारकाईने पाहिलं जातं.

शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहतो, हेही खरं नाही. तुर्की दुकानांत फलाफल मिळतं, दक्षिणेत चीज घातलेले श्पेट्झले, बटाट्याची थालीपिठासारखी पोळी, आणि मे-जूनमध्ये जिकडेतिकडे पांढरं ॲस्परॅगस. अस्सल ब्लॅक फॉरेस्ट केकमध्ये चेरीची दारू असते, हे मुलांना तो देण्याआधी माहीत असावं. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, हॉटेलातलं पाणी विकत घ्यावं लागतं. प्लॅस्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत असते. बाटली फेकू नका, सुपरमार्केटच्या यंत्रात परत द्या.

"दिवाळीच्या सुट्टीत गेलं की ऑक्टोबरफेस्टही होतो आणि ख्रिसमसचे बाजारही"

दोन्ही चुकतात. म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट सप्टेंबरच्या मध्यानंतरच्या शनिवारी सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच संपतो. ख्रिसमसचे बाजार नोव्हेंबरच्या अखेरीस लागतात. न्यूरेंबर्गचा प्रसिद्ध बाजार २४ डिसेंबरला उठतो, म्हणून नाताळच्या सुट्टीत २६ तारखेला पोचणाऱ्याला रिकामा चौक दिसतो. एरवीही रविवारी दुकानं बंद असतात आणि सोमवारी पुष्कळ संग्रहालयं. खरेदी शनिवारी आटपा, रविवार संग्रहालयांना द्या.

"बर्लिनच्या भिंतीने जर्मनीचे दोन तुकडे केले"

फाळणी १९४९ मध्येच झाली होती, आणि दोन देशांमधली सीमा बर्लिनपासून बरीच पश्चिमेला होती. बर्लिन पूर्व जर्मनीच्या पोटात होतं. १३ ऑगस्ट १९६१ पासून उभी राहिलेली भिंत पश्चिम बर्लिनला सर्व बाजूंनी वेढत होती, एकूण सुमारे १५५ किलोमीटर. कोंडलेला दिसतो तो पश्चिमेचा भाग, पण अडवले गेले होते ते पूर्वेचे नागरिक.

ईस्ट साइड गॅलरीची रंगीत चित्रं भिंतीच्या काळातली आहेत, असं अनेक जण समजतात. ती १९९० मध्ये, भिंत पडल्यानंतर काढली गेली. आधी त्या बाजूला भिंतीजवळ फिरकणंही धोक्याचं होतं. चेकपॉइंट चार्लीची चौकीही प्रतिकृती आहे. भिंत खरोखर समजून घ्यायची तर बर्नाउअर श्ट्रासेला जा. तिथे दोन भिंतींमधला मृत्यूचा पट्टा जागेवर जपला आहे. मला विचाराल तर बर्लिनमध्ये फक्त दोन तास असतील तर ते तिथेच घालवावेत. संसदेच्या काचेच्या घुमटाला प्रवेश मोफत आहे, पण आधी नाव नोंदवावं लागतं.

जुन्या दिसणाऱ्या चौकांबद्दलही हेच. फ्रँकफर्टच्या र्‍योमरबर्गवरची लाकडी चौकटीची घरं १९८० च्या दशकात पुन्हा बांधलेली आहेत. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावात गेलेलं ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्खं हे चर्च २००५ मध्ये पुन्हा उभं राहिलं. हायडेलबर्गचा किल्ला मात्र महायुद्धात पडला नाही, तो सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच सैन्याने उद्ध्वस्त केला. १२४८ मध्ये पायाभरणी होऊन १८८० मध्ये पूर्ण झालेलं कोलोनचं कॅथेड्रल बॉम्ब झेलूनही उभं राहिलं. आणि नॉयश्वानश्टाइनचा किल्ला, जो सगळ्यांना मध्ययुगीन वाटतो, त्याचं बांधकाम १८६९ मध्ये सुरू झालं. मुंबईचा राजाबाई टॉवर बांधायला घेतला तोही त्याच वर्षी.

"हिटलरबद्दल गमतीत काही केलं तर काय बिघडतं?"

बिघडतं. नाझी सलाम करणं आणि नाझी चिन्हं मिरवणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये बर्लिनच्या संसदेसमोर सलाम करत फोटो काढणाऱ्या दोन चिनी पर्यटकांना पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं. आपलं मंगल स्वस्तिक या कायद्याचं लक्ष्य नाही. तरी बॅगेवर मोठं स्वस्तिक रंगवून स्टेशनात फिरलात तर बघणाऱ्याला आपला अर्थ ठाऊक नसतो. म्युनिकजवळच्या डाखाऊच्या छळछावणीत अर्धा दिवस घालवून आलेल्या माणसाला याचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

"मराठी माणसाचा जर्मनीशी संबंध नोकरीपुरता"

या समजाचं मला सर्वांत वाईट वाटतं, कारण आपल्या टूर या जागांवरून न थांबता पुढे जातात. श्टुटगार्टला बस मर्सिडीजच्या संग्रहालयाशी थांबते. पण याच शहरात ऑगस्ट १९०७ मध्ये आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मुंबईच्या मादाम कामांनी स्वतंत्र भारताचा ध्वज फडकवला. तो ध्वज पुण्यात केसरीवाड्यात जपलेला आहे. १९६८ पासून मुंबई आणि श्टुटगार्ट ही भगिनी शहरं आहेत.

बर्लिनच्या डालेम भागातल्या एका संशोधन संस्थेत १९२८ ते १९३० या काळात इरावती कर्वे मानववंशशास्त्रात डॉक्टरेटसाठी संशोधन करत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे होते. कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध नाही, हा गुरूला न रुचणारा निष्कर्ष इरावतीबाईंनी त्याच संस्थेत मांडला. ती इमारत आज फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांच्या यादीत काही जण बॉनचंही नाव घालतात. वस्तुस्थिती अशी की एप्रिल १९२१ मध्ये बाबासाहेबांनी बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं आणि स्वतःचा परिचय जर्मनमध्ये लिहून दिला. पण लंडनचा अभ्यास चालू असल्याने ते तिथे शिकू शकले नाहीत आणि त्यांनी तिथली पदवी घेतलेली नाही. जर्मनीत संस्कृतचं पहिलं अध्यासन १८१८ मध्ये ज्या विद्यापीठात सुरू झालं, ते हेच.

कोलोनहून बॉन रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत आहे, तरी टूरच्या पत्रकात ते सहसा नसतं. तुमचा गट ठरत असेल तर बुकिंगच्या वेळीच आयोजकाकडे बॉनसाठी अर्धा दिवस मागून घ्या.