झोपलेल्या कार्डाला जागे करताना
कोल्हापुरातील एखाद्या कार्यालयात संगणक चालू असूनही नेटवर्कची केबल काढलेली असेल, तर लिनक्स प्रणाली त्याच्या नेटवर्क कार्डाला कमी विजेच्या अवस्थेत झोपवू शकते. यासाठीची ‘रनटाइम पॉवर मॅनेजमेंट’ ही सोय लिनक्सच्या गाभ्यात २००९ साली आली. अशा झोपलेल्या कार्डाचे रजिस्टर, म्हणजे त्यातील नोंदीचा कप्पा, ड्रायव्हरने (कार्ड चालवणाऱ्या कोडने) वाचले, तर बहुधा सगळे बिट १ असेच उत्तर येते, आणि ते खरे मानले की पुढचा हिशेब बिघडतो. म्हणून वापरापूर्वी कार्डाच्या वापराचा गणक वाढवून कार्ड जागे करावे आणि काम संपताच तो उतरवावा. मात्र त्यासाठीचे ‘पीएम_रनटाइम_गेट_सिंक’ हे फंक्शन अपयशी ठरले तरी गणक वाढलेलाच ठेवते, हा खरा चकवा. त्याहून अवघड प्रसंग आरटीएनएल या नेटवर्कच्या सामायिक कुलपाचा: ते धरून कार्ड जागे करू पाहणाऱ्या थ्रेडकडून जागे करण्याच्या कोडमध्ये तेच कुलूप पुन्हा मागितले गेले, तर तो स्वतःचीच वाट पाहत अडकतो.