पोटातला फुगा: चाळीस वर्षांचा मागोवा

१९८५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, लठ्ठपणावरच्या एका अजब वस्तूला परवानगी दिली. तिचे नाव गॅरन-एडवर्ड्स गॅस्ट्रिक बबल. पॉलियुरेथेनचा, डबीसारखा लांबुळका, मधून आरपार पोकळ असा हा फुगा. घशातून जठरात उतरवायचा, तिथे हवा भरायची आणि तीन-चार महिने तसाच राहू द्यायचा. हवा २२० मिली, म्हणजे पाणी प्यायच्या एका पेल्याएवढी. हिशेब सरळ होता: जठरात जागा अडली की अन्न कमी मावेल आणि अन्न कमी गेले की वजन उतरेल. असे वीस हजारांहून अधिक फुगे लोकांच्या पोटात गेले आणि १९८८ मध्ये त्यांची विक्री थांबली. फुगा पुढे मात्र पुन्हा पुन्हा आला. कधी सलाइनने भरलेला, कधी जोडफुगा, कधी कॅप्सूलमध्ये घडी घालून गिळायचा, तर कधी फुग्याऐवजी पाण्याने टचटचीत फुगणारी जेल. चाळीस वर्षांचा हा प्रवास पाहताना दिसते ते असे की उपकरण दर वेळी सुधारले, पण ज्या समजुतीवर ते उभे होते ती तपासायची घाई कुणालाच नव्हती. भूक म्हणजे जठरातली रिकामी जागा, ही ती समजूत.

तिचे मूळ शोधायला १९१२ मध्ये जावे लागते. हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांचा विद्यार्थी वॉशबर्न याने रबराचा फुगा नळीसकट गिळला, पोटात थोडा फुगवला आणि नळीचे बाहेरचे टोक रेघ ओढणाऱ्या यंत्राला जोडून घेतले. भूक जाणवली की त्याने खूण करायची. जठराचे आकुंचन आणि भुकेची खूण यांची वेळ जुळली. पोटात कावळे ओरडतात ते नेमके कुठे, याचा पत्ता लागला असे वाटले. पण १९३१ मध्ये वांगेनस्टीन आणि कार्लसन यांनी संपूर्ण जठर काढून टाकलेल्या रुग्णाची हकीकत नोंदवली, आणि त्या रुग्णाला भूक लागतच होती. घरटे काढून टाकले तरी कावळे ओरडत राहिले. खरे तर एवढ्यावरच सावध व्हायला हवे होते. पण डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर दुसरेही एक चित्र होते. जठरात केसांचा किंवा न पचणाऱ्या तंतूंचा गोळा साचलेल्या, म्हणजे बेझोअर झालेल्या रुग्णांना थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटे आणि त्यांचे वजन उतरे. १९८२ मध्ये नीबेन आणि हार्बो या दोघा डॅनिश डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये फुग्याची कल्पना मांडली ती ‘कृत्रिम बेझोअर’ म्हणूनच. मोजमापासाठी पोटात गेलेला फुगा सत्तर वर्षांनी उपचारासाठी तिथे जाऊन बसला.

गॅरन फुग्याची खरी परीक्षा झाली ती परवानगी मिळाल्यानंतर. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही रुग्णांच्या पोटात खरा फुगा बसवला, काहींवर फुगा न बसवता लुटुपुटूची एंडोस्कोपी केली आणि बारा आठवड्यांनी अदलाबदल केली. सगळ्यांना आहार आणि सवयींबाबतचे मार्गदर्शन सारखेच होते. वजन सगळ्यांचेच उतरले, पण फुगा असलेल्यांचे आणि नसलेल्यांचे यात सांगण्याजोगा फरक निघाला नाही. इकडे जठराला ओरखडे आणि व्रण होत होते. काही फुगे हवा जाऊन आतड्यात सरकत आणि तिथे अडकून बसत. याच वर्षी गेलीब्टर आणि सहकाऱ्यांनी साधा प्रयोग केला. पोटात फुगा निरनिराळ्या मापांनी फुगवायचा आणि माणूस किती जेवतो ते मोजायचे. जेवण ठळकपणे कमी व्हायला सुमारे ४०० मिली लागत होते. म्हणजे वीस हजार लोकांच्या पोटात जे बसवले, ते मुळातच निम्म्या मापाचे होते. हा प्रयोग आधी का झाला नाही, या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर नाही. ते उत्तर बाजाराकडे आहे.

मार्च १९८७ मध्ये फ्लोरिडातल्या टार्पन स्प्रिंग्ज इथे तज्ज्ञांची बैठक भरली आणि चांगला फुगा कसा असावा ते ठरले: गुळगुळीत, गोल, द्रवाने भरणारा, टिकाऊ, क्ष-किरणांत दिसणारा, मापात कमी-जास्त करता येणारा. या यादीबरहुकूम आलेला सिलिकॉनचा फुगा पुढे ऑर्बेरा नावाने जगभर गेला. मुंबई-पुण्यातही तो बसवला जातो. भूल देऊन दुर्बिणीच्या नजरेखाली त्यात ४०० ते ७०० मिली सलाइन भरतात आणि सहा महिन्यांनी फोडून काढतात. सलाइनमध्ये मिथिलीन ब्लू हा निळा रंग मिसळतात, कारण फुगा आत फुटला तर लघवीला हिरवट-निळी झाक येते आणि रुग्णाला घरबसल्या कळते. आपल्या वस्तूच्या बिघाडाची सूचना आधीच तिच्यात भरून ठेवणारी ही युक्ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. पहिले काही दिवस मळमळ, उलट्या आणि पोटात सतत तडस हे जवळपास ठरलेलेच.

इथे फुग्याचे समर्थक म्हणतील की जुन्या फुग्याचे दोष नव्याच्या माथी कशाला? इटलीत २००५ मध्ये २५१५ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांत त्यांचा सरासरी बीएमआय ४४ च्या पुढून ३५ च्या आसपास आला. आकडा मोठा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण त्या माहितीत तुलनेचा गट नव्हता. फुगा, कडक आहार, दर महिन्याची तपासणी आणि रुग्णाचा स्वतःचा निश्चय यांतले कशाने किती काम केले, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये मॅथ्यूस-व्हलीगेन आणि टाइटगाट यांनी याच जातीच्या फुग्याची लुटुपुटूच्या प्रक्रियेशी तुलना केली, तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत दोन्ही गट बरोबरीने उतरले. अमेरिकेत २०१५ मध्ये ज्या चाचणीवर ऑर्बेराला परवानगी मिळाली तिच्यात सहा महिन्यांत फुगेवाल्यांचे वजन १०.२ टक्के आणि इतरांचे ३.३ टक्के उतरले. मात्र आपल्या पोटात फुगा आहे की नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होते. नायट्रोजनने भरणाऱ्या, गिळायच्या ओबॅलॉन फुग्याची चाचणी झाली ती रुग्णांना अंधारात ठेवून, साखरेच्या कॅप्सूलशी तुलना करून. तिथे आकडे ६.६ आणि ३.४ असे आले. दोन्ही चाचण्यांतली माणसे आणि फुगे वेगळे, म्हणून आकड्यांची थेट वजाबाकी करू नये. तरी परीक्षक कडक झाला की गुण घटतात, हे या क्षेत्रात वारंवार दिसते.

जेलची गोष्ट याच चालीची. बोस्टनच्या जेलेसिस कंपनीच्या प्लेनिटी कॅप्सूलला एफडीएने एप्रिल २०१९ मध्ये मंजुरी दिली, तीही औषध म्हणून नव्हे, उपकरण म्हणून. कारण ती रक्तात जात नाही, पोटात नुसती जागा अडवते. सेल्युलोज आणि सायट्रिक आम्लापासून केलेले तिचे बारीक कण पाण्यात आपल्या आकाराच्या शंभरपट फुगतात. दुपारी आणि रात्री जेवणाआधी वीस-तीस मिनिटे तीन कॅप्सूल अर्धा लिटर पाण्याबरोबर घ्यायच्या. ४३६ जणांच्या चाचणीत चोवीस आठवड्यांत जेलवाल्यांचे वजन ६.४ टक्के आणि खोटी कॅप्सूल घेणाऱ्यांचे ४.४ टक्के उतरले. फरक दोन टक्क्यांचा: नव्वद किलोच्या माणसासाठी पावणेदोन किलोच्या आसपास. सुरक्षिततेत मात्र जेल फुग्यापेक्षा सरस ठरली, हे मान्य करायला हवे. कंपनी ऑक्टोबर २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली.

मग फुग्याने जो काही फरक पडतो तो कशाने? मेयो क्लिनिकच्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये दाखवले की ऑर्बेरा बसवल्यावर जठर रिकामे व्हायला जास्त वेळ लागतो, आणि ज्यांचे जास्त रेंगाळते त्यांचे वजन जास्त उतरते. म्हणजे जागा अडवण्यापेक्षा अन्नाची वाट अडवणे महत्त्वाचे असावे. ट्रान्सपायलोरिक शटल या उपकरणाने याला जवळजवळ पुरावाच दिला. त्यात एक मोठा आणि एक छोटा असे दोन सिलिकॉनचे गोळे एका लवचीक दोरीने जोडलेले असतात. छोटा गोळा जठराच्या खालच्या दारातून पलीकडे जातो, मोठा दारावर येऊन टेकतो आणि अन्न हळूहळू सुटते. लुटुपुटूच्या प्रक्रियेशी तुलना होऊनही इथे वर्षभरात ९.५ विरुद्ध २.८ टक्के असा फरक आला. पोट भरण्याची कल्पना बाजूला ठेवणारे उपकरण, पोट भरणाऱ्यांपेक्षा चांगले चालले. आपल्या बोलीत पोट भरणे आणि भूक भागणे हे दोन निराळे प्रयोग आहेत. अभियंत्यांनी पहिला पकडला आणि दुसरा आपोआप येईल असे धरून चालले.

धोक्यांचा मुद्दा टाळता येत नाही. २०१६ पासून जगभरात द्रवाने भरलेल्या फुग्यांच्या १२ रुग्णांचे मृत्यू नोंदले गेल्याचे एफडीएने जून २०१८ मध्ये कळवले. त्याआधी फुगा आपोआप जास्त फुगण्याच्या आणि स्वादुपिंडाला सूज येण्याच्या तक्रारींबद्दल डॉक्टरांना इशारा दिला गेला होता. इटलीच्या त्या माहितीतही पाच जणांच्या जठराला भोक पडले, त्यांतल्या चौघांची आधी जठरावर शस्त्रक्रिया झालेली होती, आणि दोघे दगावले. यावर असे म्हटले जाते की लाखो फुग्यांत हे प्रमाण नगण्य आहे आणि लठ्ठपणाही जीव घेतोच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण धोका मोजायचा तो फायद्याच्या शेजारी ठेवून. बीएमआय ५० असलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी वजन उतरवून भुलेचा धोका कमी करायचा असेल, तर सहा महिन्यांचा फुगा समजण्यासारखा आहे, आणि माझ्या मते त्याची खरी जागा हीच. लग्नाच्या मुहूर्तापर्यंत दहा किलो उतरवायला तो बसवणे हा वेगळा व्यवहार आहे.

२०२१ नंतर चित्र पालटले. सेमाग्लुटाइडच्या १९६१ जणांच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले, खोट्या इंजेक्शनवाल्यांचे २.४ टक्के. पुढच्या वर्षी टिरझेपाटाइड २०.९ टक्क्यांपर्यंत गेले. ही औषधे जठरात काहीच भरत नाहीत. ती मेंदूला तृप्तीचा निरोप देतात आणि सुरुवातीला जठरही सावकाश रिकामे करतात. इथे फुग्याच्या बाजूने सर्वांत वजनदार आक्षेप येतो: औषध थांबवले की वजन परत चढते, मग फुग्यालाच दोष का? चढते, हे खरेच. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. पण यातून फुगा बरा असे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते हे की लठ्ठपणा हा रक्तदाबासारखा लांबणारा आजार आहे. औषध चालू ठेवता येते, त्याच्या किमतीची आणि दुष्परिणामांची चर्चा करता येते. फुगा ठरल्या दिवशी काढावाच लागतो. भारतात ही इंजेक्शने २०२५ मध्ये विक्रीला आली. आपल्याकडे तर प्रश्न आणखी निराळा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिल्याप्रमाणे भारतीय माणूस बारीक दिसूनही चरबी बाळगून असतो. बीएमआय ३० ते ४० हे अमेरिकी फुग्याचे गिऱ्हाईक. आपल्याकडे मधुमेह त्याच्या कितीतरी आधी दार ठोठावतो.

कुणी तुमच्यासमोर या फुग्याचे माहितीपत्रक ठेवले, तर सहा महिन्यांचा आकडा बाजूला सारा. फुगा काढल्यानंतर वर्षभराने वजन किती होते, आणि ज्यांच्या पोटात फुगा नव्हता पण आहार तोच होता त्यांचे किती उतरले, हे दोन आकडे मागा. ते मिळेपर्यंत सही करू नका.