स्ट्रॉबेरीखालची माती

स्ट्रॉबेरीचे रोप जमिनीलगत वाढते. मुळे उथळ, फळ जवळजवळ मातीलाच टेकलेले. त्यामुळे जमिनीतील बुरशीचा फटका त्याला लवकर बसतो. अमेरिकेतील सुमारे ९० टक्के स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या कॅलिफोर्नियाने यावर अनेक दशके एकच उपाय केला. लागवडीपूर्वी शेतावर प्लॅस्टिक अंथरायचे आणि खाली मिथिल ब्रोमाइड हा विषारी वायू सोडायचा. बुरशी मरे, तिच्याबरोबर मातीतील असंख्य निरुपद्रवी जीवही मरत. हाच वायू ओझोनचा थर विरळ करतो हे सिद्ध झाल्यावर मॉन्ट्रियल करारान्वये प्रगत देशांनी २००५ पर्यंत त्याचा वापर थांबवावा असे ठरले. कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरीला मात्र सवलतीमागून सवलत मिळत २०१६ उजाडले!

त्याच किनाऱ्यावर डेव्हनपोर्ट येथे जिम कॉक्रन यांनी १९८३ मध्ये स्वान्टन बेरी फार्म सुरू केले आणि १९८७ मध्ये त्यांच्या स्ट्रॉबेरीला सेंद्रिय प्रमाणपत्र मिळाले. त्यांची युक्ती साधी होती: त्याच जमिनीत लागोपाठ स्ट्रॉबेरी घ्यायची नाही. मध्ये ब्रोकोली लावायची आणि तिचे अवशेष मातीत गाडायचे. त्याने बुरशी दबते. पण व्यापारी दृष्टीने पाहिले तर ही युक्ती स्वस्त नाही. चांगला भाव देणारे पीक शेताच्या एका भागातच उभे राहते, जमिनीचे भाडे मात्र सगळ्याच भागाचे चुकवावे लागते. प्रमाणपत्रासाठी तीन वर्षे निषिद्ध रसायनांविना शेती करावी लागते आणि तेवढा काळ सेंद्रिय मालाचा चढा भावही मिळत नाही. अशा हिशेबातही कॉक्रन यांनी १९९८ मध्ये शेतमजुरांच्या संघटनेशी करार केला, हे विशेष.

जपान आणि नेदरलँड्समधील संशोधकांनी स्वतंत्रपणे दुसरी वाट शोधली. जपानमध्ये मातीत कोंडा मिसळून भरपूर पाणी देतात व काही आठवडे ती प्लॅस्टिकने झाकतात; नेदरलँड्समध्ये कोंड्याऐवजी हिरवे गवत घेतले गेले. कुजणारा पाला वा कोंडा खाताना सूक्ष्मजीव मातीतील प्राणवायू संपवतात, आम्ले तयार होतात आणि रोगकारक बुरशी नष्ट होते. हिंसा यातही आहेच, परंतु माती निर्जीव होत नाही. कॅलिफोर्नियाने पुढे ही पद्धत तांदळाच्या कोंड्यासह स्वीकारली.

एक गाठ अद्याप सुटलेली नाही. रोपे निरोगी असल्याची हमी द्यावी लागते म्हणून रोपवाटिकांची माती आजही बहुधा धुरी देऊनच तयार होते. सेंद्रिय रोपे उपलब्ध नसतील तर अशी रोपे लावण्यास अमेरिकेचे नियम परवानगी देतात. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची मातृरोपेही कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणांहूनच येत आली आहेत.