मेक्सिकोची मेझकाल 'क्लासी', मग आपली मोहाची दारू 'गावठी' का?

मातीच्या भांड्यात, लाकडाच्या जाळावर गाळलेली दारू. मेक्सिकोत अशा मेझकालच्या बाटलीवर अभिमानाने 'अँसेस्त्राल', म्हणजे वाडवडिलांच्या पद्धतीची, असं छापतात. विदर्भात कुणी जवळपास तशीच मोहाची दारू गाळली, तर गुन्हा दाखल होतो. मग फरक नेमका कशात आहे? आधी चवीपासून सुरुवात करू.

मेझकाल: धुराची चव

मेझकाल अगेव्हपासून बनते. आपल्याकडे बांधावर दिसणारी घायपात याच कुळातली. तिचा गड्डा जमिनीतल्या खड्ड्यात, तापलेल्या दगडांवर काही दिवस भाजतात. धुरकट वास येतो तो इथूनच. टकिलासाठी गड्डा बहुतेक वेळा वाफेवर शिजवतात, म्हणून तिला धूर लागत नाही. न मुरवलेली मेझकाल ती 'होवेन'. लाकडी पिंपात २ ते १२ महिने मुरलेली 'रेपोसादो', तर वर्षाहून जास्त मुरलेली 'अन्येहो'. मुरेल तसा धूर मवाळ होतो आणि लाकडाची चव पुढे येते.

फेणी: फळाचा दर्प

काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हलकी हुर्राक मिळते, पुन्हा गाळली की फेणी. वास उग्र, पण फळाचा. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

मोह: फुलाची दारू

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी फुलं वेचून वाळवतात, मग भिजवून, आंबवून गाळतात. साखर फुलातच असते. वास गोडसर, मनुकांची आठवण करून देणारा.

तुलना कशी करायची?

लहान ग्लास, बर्फ नको. तोंड किंचित उघडं ठेवून आधी वास घ्या, मग अगदी छोटा घोट. तीन गोष्टी पाहा: कच्चा माल ओळखू येतो का, धूर आहे का, घोट गेल्यावर चव किती वेळ टिकते. दोन ग्लासांच्या मध्ये पाणी प्या.

मग मोह का नाही?

महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे. नागपूरशेजारच्या वर्ध्यात आणि पुढे गडचिरोलीत तर पूर्ण दारूबंदी. २०२१ मध्ये राज्याने मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध उठवले, पण ती सूट फुलांपुरतीच. मध्य प्रदेशाने मात्र मोहाच्या दारूला 'हेरिटेज' दर्जा देऊन आदिवासी बचतगटांना ती बनवायची वाट मोकळी केली.

एक गोष्ट विसरू नका. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने १०० हून अधिक बळी घेतले. ती मोहाची नव्हती, तिच्यात मिथेनॉल होतं. मिथेनॉल वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. त्यामुळे 'ओळखीच्या माणसाची आहे' एवढ्या भरवशावर बिनलेबलची बाटली तोंडाला लावू नका.

थोडक्यात, मेझकाल आणि मोह यांच्यातली खरी दरी चवीची नाही. एकीच्या मागे नियम, तपासणी आणि लेबल उभं आहे, दुसरीच्या मागे फक्त पोलीस. आणि त्याचा तोटा सर्वात आधी होतो तो पहाटे उठून फुलं वेचणाऱ्या हातांना.