गृहपाठ हवा की नको?

गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या एका शाळेत व्याख्यानासाठी गेलो होतो. व्याख्यान संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत चहा झाला. तिथे विज्ञानाच्या बाईंनी नववीच्या वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "सर, जरा हे गणित पाहा." गणित सोपे होते. ताशी 54 किलोमीटर वेगाने जाणारी आगगाडी सेकंदाला किती मीटर जाते? उत्तर 15. अकरा वह्यांत मात्र सुवाच्य अक्षरात 51 लिहिलेले होते. सेकंदाला 51 मीटर म्हणजे ताशी सुमारे 184 किलोमीटर. या वेगाने नाशिकरोडहून सुटलेली गाडी पंचवीस मिनिटांच्या आत मनमाडला पोहोचेल! कुठल्याशा गाईडात 15 चे आकडे उलटे छापले गेले होते आणि ते जसेच्या तसे अकरा वह्यांत उतरले होते.

"उरलेल्यांनी तरी स्वतः सोडवले कशावरून?" बाई म्हणाल्या. "त्यांचे गाईड बरोबर छापलेले असेल."

मग वाद सुरू झाला. एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, गृहपाठ बंद केला तर मुले घरी वही उघडणारच नाहीत. दुसरे पूर्वी दिंडोरी तालुक्यात होते. ते म्हणाले, "द्राक्षाच्या हंगामात आईवडील अंधार पडल्यावर घरी येतात. तोवर मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते, भाकऱ्या थापते. अडले तर विचारायला घरात कोणी नाही. गृहपाठ केला नाही म्हणून तिला वर्गात उभे करतो, तेव्हा आपण शिक्षा नक्की कशाची करतो?" यावर कोणी काही बोलले नाही. मीही नाही.

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न नवा नाही. मुलांच्या पाठीवरचे आणि डोक्यावरचे ओझे कसे कमी करावे हे ठरवण्यासाठी केंद्र सरकारने 1992 मध्ये एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते प्रा. यशपाल, म्हणजे विश्वकिरणांचा अभ्यास करणारे, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ. 1993 च्या अहवालात समितीने सुचवले, की प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊच नये. द्यायचाच तर घरच्या परिसरातल्या शोधाशोधीचा द्यावा. वरच्या वर्गांनाही तो पाठ्यपुस्तकाबाहेरचा असावा. पुढे 2020 च्या दप्तरविषयक राष्ट्रीय धोरणाने तासही ठरवून दिले: दुसरीपर्यंत काही नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर दोन तास, सहावी ते आठवी दिवसाला एक तास, नववीपासून दिवसाला दोन तास.

तास मोजणे ठीकच आहे. पण तुम्ही भौतिकशास्त्रात शिकला आहात, की भिंतीला तासभर ढकलले, घाम गाळला, तरी भिंत हलली नाही तर कार्य शून्य! गृहपाठाचेही तसेच आहे. वेळ किती गेला यापेक्षा डोक्यात काही हलले का, हे पाहायला हवे.

ते कसे पाहायचे? जर्मनीतल्या हेरमान एबिंगहाउस याने ही खटपट स्वतःवरच केली. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो पाठ करी, ठरावीक काळ जाऊ देई आणि त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजी. 1885 साली त्याने आपले आकडे प्रसिद्ध केले. तासाभराने 44 टक्के श्रम वाचले, एका दिवसाने 34 टक्के, सहा दिवसांनी 25 टक्के, महिन्याने 21 टक्के. म्हणजे विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते, मग मंदावते. शाळेतला तास संपून तुम्ही घरी पोहोचता तेवढ्या वेळातच बरेच काही निसटलेले असते. तेव्हा घरी काहीतरी करायला हवे, हे ज्येष्ठ शिक्षकांचे म्हणणे अगदीच चूक नाही.

पण काय करायला हवे? अमेरिकेतले रोडिगर व कार्पिकी या दोघांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला. इतर काहींनी एकदाच वाचला आणि मग तीन वेळा, उतारा न पाहता, आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने पारडे फिरले. वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. आता सांगा, गाईडातून वहीत उतरवणे यांपैकी कशात बसते? मला वाटते, कशातच नाही. त्यात धड वाचनही होत नाही.

दुसरी गोष्ट मी दरवर्षी अकरावीच्या वर्गात पाहतो. मुलांनी दहावीपर्यंत शेकडो उदाहरणे सोडवलेली असतात, पण एका वेळी एकाच प्रकारची. पान उघडले की वर प्रकरणाचे नाव असते. कोणते सूत्र वापरायचे ते त्या नावानेच सांगून टाकलेले असते. नाव झाकले की मुले माझ्या तोंडाकडे पाहतात. रोअरर व टेलर यांनी 2007 मध्ये नेमके हेच तपासले. चार निरनिराळ्या घनाकृतींचे घनफळ काढायची उदाहरणे काही विद्यार्थ्यांना प्रकारवार दिली, काहींना मिसळून. सराव करताना प्रकारवारवाल्यांची 89 टक्के उत्तरे बरोबर आली, मिसळवाल्यांची 60 टक्केच. आठवड्यानंतरच्या परीक्षेत मात्र मिसळवाल्यांना 63 टक्के आणि प्रकारवारवाल्यांना अवघे 20! तेव्हा घरी उदाहरणे करताना प्रत्येक जुन्या प्रकरणातले एकेक उचला. पाचच करा. जास्त चुकतील, चुकू द्या.

लहान मुलांविषयी थोडक्यात सांगतो. हॅरिस कूपर व सहकाऱ्यांनी 2006 मध्ये अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. गृहपाठ आणि गुण यांचा संबंध सातवीपासून पुढे ठळक दिसला, त्याआधी फारच क्षीण. अर्थात हुशार मुलेच गृहपाठ जास्त करतात असेही असू शकेल; संबंध म्हणजे कारण नव्हे.

शाळेतून निघताना मी बाईंना एक गृहपाठ सुचवला होता. 22 डिसेंबरला मोकळ्या जागी एक मीटर लांबीची काठी सरळ उभी रोवायची आणि साडेअकरापासून दीडपर्यंत तिच्या सावलीची लांबी मोजत राहायचे. काठी आणि दोरी कुठल्याही घरात मिळते. नाशिक 20 उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून त्या दिवशीची सर्वांत आखूड सावली सुमारे 95 सेंटिमीटर येते. पण ती बारा वाजता पडत नाही! आपली घड्याळे साडेब्याऐंशी पूर्व रेखांशावर लावलेली आहेत; नाशिक पावणेचौऱ्याहत्तरच्या आसपास. दर अंशाला चार मिनिटे धरली की सूर्य आपल्याकडे सुमारे 35 मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. त्यात वर्षभर थोडे कमीजास्त होते. 22 डिसेंबरला ही वेळ 12 वाजून 33 मिनिटांच्या सुमारास येते. मध्यान्हाजवळ सावली दहा मिनिटांत जेमतेम दोन मिलिमीटर बदलते, त्यामुळे नेमका क्षण डोळ्यांनी सापडत नाही. त्यासाठी युक्ती करावी लागते: मध्यान्हापूर्वी एक लांबी टिपायची, नंतर सावली पुन्हा तेवढीच कधी होते ते पाहायचे आणि दोन्ही वेळांच्या मधली वेळ काढायची.

जानेवारीत बाईंनी वह्या दाखवल्या. बऱ्याच जणांनी "दुपारी बरोबर 12 वाजता" असे लिहिले होते. एका मुलीच्या वहीत मात्र आकड्यांची नुसती खाडाखोड होती. शेवटी उत्तर होते 12 वाजून 36 मिनिटे, आणि त्याखाली "घरचे घड्याळ पुढे आहे का? शेजारच्यांचे पाहिले, तेही तसेच." तिला दहापैकी किती गुण द्यावेत, यावर बाईंचे व माझे अजून एकमत झालेले नाही. तीन मिनिटांचा फरक आहेच.