तह आणि अंमल : कोलंबियाच्या ‘संपूर्ण शांती’ची हकीकत

सन २०२२ च्या ऑगस्टच्या ७ तारखेस कोलंबियाची राजधानी बोगोता येथील बोलिव्हार चौकात गुस्ताव्हो पेट्रो यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा अधिकारपदाचा पट्टा त्यांच्या खांद्यावर घालण्याचा मान मारिया होसे पिसारो या सिनेटर बाईंना देण्यात आला होता. आणि नव्या अध्यक्षांचा पहिला हुकूम असा होता की, मुक्तिदाता सिमोन बोलिव्हार याची तलवार राजवाड्यातून चौकात आणली जावी. मावळत्या अध्यक्षांनी तिला बाहेर नेण्याची परवानगी नाकारलेली असल्यामुळे, ती येईपर्यंत समारंभ खोळंबून राहिला. या दोन्ही गोष्टींचा अर्थ तेथे जमलेल्यांना उलगडून सांगावा लागत नव्हता. एम-१९ या बंडखोर संघटनेने १९७४ साली हीच तलवार एका संग्रहालयातून पळवून नेली होती आणि १९९१ साली सन्मानाने परत केली होती. पेट्रो स्वतः तारुण्यात त्याच संघटनेत होते. आणि पट्टा घालणाऱ्या बाईंचे वडील कार्लोस पिसारो हे त्या संघटनेचे सेनापती असून, १९९० च्या मार्चमध्ये सरकारशी तह करून, शस्त्रे खाली ठेवून, अध्यक्षपदाच्या निवडणुकीस उभे राहिले असता, सात आठवड्यांच्या आत विमानप्रवासात गोळ्या घालून मारले गेले होते. शस्त्र टाकणारा राज्यपदापर्यंत पोहोचू शकतो आणि शस्त्र टाकणारा हकनाक मरूही शकतो, या दोन्ही सत्यांचे साक्षीदार त्या दिवशी एकाच व्यासपीठावर उभे होते.

या अध्यक्षांनी हाती घेतलेल्या प्रयोगाचे नाव ‘संपूर्ण शांती’. आजवरच्या अध्यक्षांनी बहुधा एका वेळी एका टोळीशी किंवा एका बंडखोर सेनेशी वाटाघाटी केल्या. पेट्रोंनी मात्र मार्क्सवादी गनिमी सेना, तहातून फुटून निघालेले त्यांचे अवशेष, जमीनदारांच्या जुन्या खासगी फौजांतून उपजलेल्या अफू-कोकेनच्या टोळ्या आणि शहरांच्या गल्ल्यांतून खंडणी गोळा करणारे गुंड, या सर्वांशी एकाच वेळी बोलणी करण्याचा संकल्प सोडला. संकल्प उदात्त होता यात शंका नाही. त्याची वाटचाल अडखळत का झाली, हे समजण्यासाठी मात्र त्या देशातील जुन्या तहनाम्यांचे दप्तर उघडून पाहणे अवश्य आहे. कारण कोलंबियात तह फारच थोडे झाले म्हणून रक्त सांडले असे नाही, तह तर पुष्कळच झाले.

९ एप्रिल १९४८ रोजी उदारमतवादी पक्षाचे लोकप्रिय नेते होर्हे एलिएसेर गायतान यांचा बोगोताच्या भर रस्त्यावर खून झाला आणि उदारमतवादी व पुराणमतवादी या दोन पक्षांचे वैर खेड्यापाड्यांतून कत्तलींच्या रूपाने उफाळले. १९५३ साली सत्ता बळकावणाऱ्या जनरल रोहास पिनिया यांनी बंडखोरांना अभय जाहीर केले. पूर्वेकडील गवताळ मैदानांतील उदारमतवादी गनिमांचा म्होरक्या गुआदालुपे साल्सेदो हजारो साथीदारांसह शरण आला, आणि १९५७ साली बोगोतात पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. त्याच्या मरणाची वार्ता डोंगरांत राहिलेल्या शेतकऱ्यांनी नीट ऐकून ठेवली असावी. पुढे दोन्ही पक्षांनी सत्ता आळीपाळीने वाटून घेण्याचा करार केला. तिसऱ्याला त्यात जागा नव्हती. १९६४ साली मार्केतालिया या शेतकरी वसाहतीवर लष्कराने चढाई केली, तीतून निसटलेल्या मानुएल मारुलांदाच्या साथीदारांतून फार्क ही सेना जन्मली; आणि त्याच वर्षी क्यूबाच्या क्रांतीने भारलेल्या तरुणांनी राष्ट्रीय मुक्ती सेना, म्हणजेच ईएलएन, स्थापली. पाद्र्याचा झगा उतरवून तिच्यात सामील झालेले कामिलो तोर्रेस १९६६ साली पहिल्याच चकमकीत पडले.

१९८४ साली अध्यक्ष बेलिसारिओ बेतांकूर यांनी फार्कशी युद्धबंदी केली व तीतून ‘देशभक्त संघ’ नावाचा कायदेशीर पक्ष उभा राहिला. त्याचे पुढे काय झाले, हे कोलंबियाच्या इतिहासातील सर्वांत लाजिरवाणे प्रकरण होय. अध्यक्षपदाचे दोन उमेदवार, खासदार, महापौर, ग्रामपंचायतीच्या तोलाचे स्थानिक सभासद, साधे कार्यकर्ते, असे त्या पक्षाचे लोक वर्षानुवर्षे टिपून मारले गेले. शांततेसाठी स्थापलेल्या विशेष न्यायाधिकरणाने पुढे ठार वा बेपत्ता झालेल्यांचा आकडा ५,७३३ असा नोंदवला. बंदुकीच्या जोरावर जंगलात राहिलेल्या सैनिकापेक्षा मतपेटीच्या भरवशावर शहरात आलेला कार्यकर्ता लवकर मरतो, हा धडा सरकारनेच बंडखोरांना शिकवला.

नंतर १९९८ साली निवडून आलेल्या आंद्रेस पास्त्राना यांनी दक्षिणेतील सान व्हिसेंते देल कागुआनच्या परिसरातला ४२,००० चौरस किलोमीटरांचा मुलूख लष्कर हटवून फार्कच्या हवाली केला. जानेवारी १९९९ मध्ये वाटाघाटींच्या उद्घाटनाला मारुलांदा आलाच नाही. अध्यक्षांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीचे छायाचित्र जगभर गेले. फार्कने त्या मुलखाचा उपयोग ओलीस लपवण्यासाठी व फौज वाढवण्यासाठी केला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये बोलणी मोडली. पास्त्रानांच्या मागून आलेल्या आल्वारो उरिबे यांनी एका हाताने फार्कला झोडपले व दुसऱ्या हाताने उजव्या बाजूच्या निमलष्करी फौजांशी तह केला. २००३ ते २००६ या काळात तीस हजारांहून अधिक लोकांनी शस्त्रे ठेवली. तथापि त्यांच्या मधल्या फळीतील नायकांनी मुलूख व मालाचे मार्ग आपल्याकडे ठेवले, आणि उराबाच्या आखातालगत ‘गोल्फो कुळ’ म्हणून आज ओळखली जाणारी टोळी त्यांतूनच वाढली.

शेवटी हुआन मान्युएल सांतोस यांनी हावाना येथे चार वर्षे चालवलेल्या वाटाघाटींतून फार्कशी २०१६ चा करार साधला. त्यावरील सार्वमतात ५०.२ टक्के मतदारांनी नकार दिला, तेव्हा काही दुरुस्त्या करून नोव्हेंबरात तो पुन्हा सह्यांसाठी मांडण्यात आला. सुमारे तेरा हजार माणसे नागरी जीवनात परतली. कागदावर हा करार सर्वांत शहाणा होता: भूमिहीनांसाठी ३० लाख हेक्टर जमिनीचा निधी, कोकाचे पीक स्वखुशीने उपटणाऱ्या शेतकऱ्याला मदत, पीडितांना न्याय. प्रत्यक्षात फार्कचे लोक ज्या दिवशी छावण्यांत दाखल झाले, त्या दिवशी त्यांनी सोडलेल्या खोऱ्यांत तहसीलदार, शिक्षक, न्यायाधीश आणि सडक यांपैकी काहीच आले नाही. आली ती ईएलएन, गोल्फो कुळ आणि तह न मानणारे फार्कचेच फुटीर. करारानंतर शस्त्र टाकलेले चारशेंहून अधिक माजी सैनिक मारले गेले आहेत. २०१९ मध्ये हावानाच्या वाटाघाटींतील फार्कचा मुख्य प्रतिनिधी इव्हान मार्केस याने पुन्हा बंदूक उचलली.

या सर्व वृत्तान्तातील पडद्याआडचे पात्र म्हणजे कोका, ज्याच्या पानांपासून कोकेन बनते ते झुडूप. रस्ता नसलेल्या खोऱ्यात केळी वा मका पिकवणाऱ्याचा माल बाजारात पोहोचण्याआधी सडतो, आणि पोहोचलाच तर भाडे निघत नाही. कोकाचे झुडूप मात्र वर्षातून अनेकदा पाने देते, पानांपासून शेताजवळच्या झोपडीत लगदा तयार होतो, तो पाठीवर वाहून नेता येतो, आणि खरेदीदार रोख पैसे घेऊन दारात येतो. या व्यापारावर प्रथम खरेदीदारांकडून दस्तुरी घेणारे बंडखोर पुढे स्वतःच घाऊक व्यापारी बनले. अशा मुलखात ज्याच्या हाती बंदूक तोच जकात वसूल करतो, तोच तंटे तोडतो, तोच रात्रीची संचारबंदी लावतो. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीनुसार २०२३ साली २,५३,००० हेक्टर जमीन कोकाखाली होती. टोळीचा नायक पकडला तरी हे उत्पन्न जागच्या जागी राहते. हरळीची पाती छाटावी आणि मुळी जमिनीत तशीच राहू द्यावी, त्यातला हा प्रकार आहे. गोल्फो कुळाचा प्रमुख ओतोनिएल २०२१ मध्ये धरला गेला व मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या हवाली केला गेला, तेव्हा त्याच्या टोळीने सूड म्हणून उत्तरेकडील अनेक जिल्ह्यांचा व्यवहार काही दिवस बंद पाडून दाखवला आणि नवा नायक गादीवर बसवला.

या पार्श्वभूमीवर ४ नोव्हेंबर २०२२ रोजी पेट्रोंनी २०२२ चा कायदा क्रमांक २२७२ जारी केला. त्याने दोन मार्ग आखले. ज्यांच्या बंडाला राजकीय स्वरूप आहे त्यांच्याशी वाटाघाटी व तह. आणि ज्यांचा धंदा केवळ गुन्हेगारीचा आहे त्यांच्याशी बोलणी करून, सौम्य शिक्षेच्या मोबदल्यात, त्यांना न्यायासनापुढे शरण आणणे. भेद तत्त्वतः निर्दोष दिसतो, पण वर वर्णिलेल्या मुलखात तो पुसट होत जातो: ईएलएन क्रांतीची भाषा बोलते आणि सोन्याच्या बेकायदा खाणींवर वसुली करते, गोल्फो कुळ मालाचे मार्ग राखते आणि आपणास गायतानच्या नावाची सेना म्हणवून राजकीय दर्जा मागते. शिवाय दुसऱ्या मार्गासाठी लागणारा शरणागतीचा कायदा २०२३ मध्ये संसदेत मंजूरच होऊ शकला नाही, आणि त्यामुळे गुंडांच्या म्होरक्यांना सरकार नेमके काय देऊ शकते, हे सरकारी प्रतिनिधींनाही ठामपणे सांगता येईना. तुरुंगापेक्षा अमेरिकेची भीती बाळगणाऱ्या माणसाला संदिग्ध शब्दांनी वश करता येत नाही.

घाईचाही दोष घडला. ३१ डिसेंबर २०२२ च्या रात्री अध्यक्षांनी पाच सशस्त्र संघटनांशी युद्धबंदी झाल्याचे जाहीर केले. चारच दिवसांत, आपण असे काहीही मान्य केलेले नाही असे ईएलएनने कळवल्यावर, तिच्यापुरती ती घोषणा मागे घ्यावी लागली. मार्चमध्ये गोल्फो कुळाशी असलेली युद्धबंदी मोडली. मे महिन्यात फार्कच्या फुटीर ‘केंद्रीय सेनामंडळा’ने पुतुमायोच्या जंगलात पळवून नेलेल्या चार आदिवासी मुलांना ठार केल्याचे उघडकीस आले आणि त्यांच्याशी असलेली युद्धबंदीही काही जिल्ह्यांत स्थगित झाली. युद्धबंदीत सरकारी फौज ठाण्यात बसून राहिली. टोळ्यांनी मात्र एकमेकींशी लढण्यास, पोरांना भरती करण्यास व नवा मुलूख काबीज करण्यास तो अवकाश वापरला, कारण युद्धबंदी त्यांनी सरकारशी केली होती, परस्परांशी नव्हे आणि रयतेशी तर नव्हेच.

तथापि न्यायबुद्धीने जमेची बाजूही नोंदवली पाहिजे. ईएलएनशी बोलणी करणाऱ्या शिष्टमंडळात पेट्रोंनी गुरेपालक जमीनदारांच्या महासंघाचे अध्यक्ष होसे फेलिक्स लाफाउरी या आपल्या कट्टर टीकाकाराला घेतले, ही मसलत दूरदृष्टीची होती. ज्यांची जमीन, त्यांचे भय, हे वाटाघाटीच्या मेजावर आल्याशिवाय तह टिकत नाही हे तीमागील शहाणपण. जून २०२३ मध्ये हावानात ठरलेली युद्धबंदी ३ ऑगस्टपासून लागू होऊन एक वर्ष चालली. ईएलएनबरोबरची ती सर्वांत दीर्घ युद्धबंदी होय. पॅसिफिक किनाऱ्यावरील बुएनाव्हेंतुरा बंदरात ‘शोट्टा’ व ‘एस्पार्तानो’ या दोन टोळ्यांनी २०२२ मध्ये आपसांत सुलूख केला तेव्हा खुनांची संख्या काही काळ झपाट्याने उतरली. नारिन्यो प्रांतात ईएलएनमधून फुटलेल्या एका गटाने स्थानिक पातळीवर स्वतंत्र बोलणी केली. ही यशे छोटी आहेत, आणि ज्या ठिकाणी मुलूख लहान, माणसे ओळखीची व अटी स्पष्ट, त्याच ठिकाणी ती लाभली आहेत.

मोठ्या मेजांवर मात्र दुसरेच घडले. ईएलएनच्या तुकड्या बऱ्याच अंशी स्वायत्त असल्याने हावानात केलेल्या शब्दाची जामिनकी जंगलातला सरदार घेईलच असे नसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये, युद्धबंदी चालू असतानाच, तिच्या एका तुकडीने फुटबॉलपटू लुइस दियास याच्या वडिलांचे अपहरण केले व देशभर संताप उसळल्यावर त्यांना सोडले. जानेवारी २०२५ मध्ये व्हेनेझुएलाच्या सरहद्दीलगतच्या कातातुंबो या कोकाच्या खोऱ्यात ईएलएन फार्कच्या फुटीर तुकडीवर तुटून पडली. घरोघर जाऊन माजी सैनिक व गावपुढारी वेचून मारण्यात आले आणि काही आठवड्यांत ५० हजारांहून अधिक माणसे परागंदा झाली. पेट्रोंनी बोलणी थांबवली आणि त्यांना त्या खोऱ्यात आणीबाणी पुकारावी लागली. जूनमध्ये बोगोतात विरोधी सिनेटर मिगेल उरिबे तुर्बाय यांच्यावर प्रचारसभेत गोळ्या झाडण्यात आल्या व ११ ऑगस्टला त्यांचा अंत झाला. त्यांच्या पत्रकार मातोश्री दियाना तुर्बाय पाब्लो एस्कोबारच्या माणसांच्या कैदेत असताना १९९१ साली मरण पावल्या होत्या. सप्टेंबरात गोल्फो कुळाशी कतारच्या मध्यस्थीने दोहा येथे पुन्हा बोलणी सुरू झाली.

या साऱ्याचा दोष एकट्या पेट्रोंवर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांना वारसा मिळाला तो अर्धवट अमलात आलेल्या तहाचा व रिकाम्या राहिलेल्या मुलखाचा. त्यांची चूक वेगळी: ज्या क्रमाने शांतता येते तो क्रम त्यांनी उलटा केला. आधी युद्धबंदी, मग तिच्या अटी, मग शरणागतीचा कायदा, आणि सर्वांत शेवटी राज्यसत्तेचे आगमन, असा त्यांचा क्रम होता; तो उलटा असता, म्हणजे एकेका खोऱ्यात आधी न्यायालय, जमिनीचा सातबारा म्हणता येईल असा निर्विवाद दाखला, शाळा व मालवाहतुकीचा रस्ता उभा करून मग तेथल्या बंदूकधाऱ्याला मेजावर बोलावले असते, तर बोलणी संथ झाली असती, परंतु तह झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या खोऱ्यात कोण राज्य करणार, या प्रश्नाला उत्तर तयार राहिले असते. सत्यशोधन आयोगाने २०२२ च्या आपल्या अहवालात १९८५ ते २०१८ या काळातील मृतांचा आकडा ४,५०,६६४ दिला आहे. या मृतांपैकी बहुसंख्य लोक नि:शस्त्र नागरिक होते, आणि त्यांच्या गावांना तहनाम्यांची नव्हे, तहनाम्यानंतरच्या कारभाराची उणीव होती. बंडखोराशी केलेला तह सरकार एका दिवसात सही करून पूर्ण करू शकते. रयतेशी करावयाचा तह रोजच्या कारभारानेच पाळावा लागतो, आणि तो कोलंबियाच्या एकाही सरकारने अद्याप पाळलेला नाही.