पायाखालची वाट

बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकात पुस्तकं चाळताना ‘माचीवरला बुधा’ हाती आलं, की एक जुना पेच आठवतो. लिहिणाऱ्यानं वाचत बसावं, की हिंडावं?

गो. नी. दांडेकरांनी (१९१६-१९९८) दोन्ही केलं. शाळकरी वयातच त्यांनी घर सोडलं. गाडगेमहाराजांच्या सहवासात राहिले, नर्मदेची परिक्रमा केली, पुढे सह्याद्रीचे गडकोट पायी पालथे घातले. ज्ञानेश्वरीचं, संतवाङ्मयाचं वाचन सोबतीला होतंच. परिक्रमेतून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आली, राजमाचीच्या परिसरातून ‘बुधा’. वाचनानं त्यांना शब्द दिले, पायपिटीनं त्या शब्दांना माती दिली.

माझ्या सुरुवातीच्या गझलांमध्ये वाळवंट असायचं, काफिले असायचे. प्रत्यक्षात मी पाहिली होती ती फक्त मुठा. गोनीदा वाचल्यावर त्या गझला मी फाडल्या नाहीत, पण पुढची ओळ लिहिण्याआधी नदीकाठानं चालून आलो. काफिले गेले; धुणं बडवणारी एक बाई कवितेत आली.

भटकंती लांबचीच हवी, असं नाही. आपण लिहितो ती वाट आपल्या पायाखालची असावी, एवढंच.